आधी पाऊस, मग प्राणी

शाळेच्या प्रदर्शनात जगातले नैसर्गिक प्रदेश दर वर्षी तेच असतात. वाळूत प्लास्टिकचा उंट, कापसावर पेंग्विन आणि त्याला खेटून पांढरं अस्वल, हिरव्या रंगवलेल्या भुशात वाघ आणि सिंह एकत्र. पेंग्विन दक्षिणेकडचा, ध्रुवीय अस्वल उत्तरेकडचं; आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात वाघ औषधालाही सापडायचा नाही. पण परीक्षक खोक्यातली सजावट बघून पुढे सरकतात आणि खोकं वर्षभर कपाटावर धूळ खातं.

यात मुलांचा दोष नाही. आपण हा भाग शिकवतो तक्त्यानं: प्रदेश, स्थान, हवामान, वनस्पती, प्राणी, लोकजीवन. सहा रकाने, सगळे सारख्या रुंदीचे. खरं तर त्यातला हवामानाचा रकाना कारणाचा आहे आणि त्याच्या पुढचे त्याचे परिणाम. तक्त्यात हे दिसत नाही, म्हणून मूल सहाही रकाने पाठ करतं आणि सहामाहीनंतर विसरतं. खाली दिलेली कृती हा क्रम मोडून काढते. प्रतिकृती इथेही आहे, पण ती शेवटी येते. पहिल्या दिवशी कुणालाही प्राण्याचं नाव घ्यायची परवानगी नाही.

सातवी ते नववीच्या वर्गाला ही कृती चालते. आठ-दहा तासिका लागतात, त्या महिनाभरात पसरून घ्या. पाच-पाच मुलांचे नऊ गट धरले आहेत. वर्ग लहान असेल तर कार्डं कमी करा.

साहित्य

आलेख कागद भरपूर, निळी आणि लाल पेन्सिल, रंगीत खडू, पाण्याची रिकामी बाटली, दोन जुने ट्रे किंवा पसरट कुंड्या, मूठभर गहू, चमचाभर मोहरी, तळाला भोकं पाडता येतील असे दोन सारखे प्लास्टिकचे डबे, बुटांची खोकी, पुठ्ठा, रद्दीचा लगदा, काथ्या, केरसुणीच्या काड्या, डिंक. थर्माकोल नको. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी नको म्हटलं असतं. थर्माकोल आला की मुलं कापाकापीत रमतात आणि भूगोल बाजूला पडतो.

पहिली पायरी: मिलिमीटर म्हणजे किती

‘वार्षिक पर्जन्य २५० मिलिमीटर’ हे वाक्य मूल लिहितं, पण त्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून आधी मापक करा. सरळ भिंतींची बाटली घ्या, वरचा तिसरा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, तेव्हा तळाशी खडे घालून वर सपाट पातळी येईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची खूण करा. त्याच्या वर साधी मोजपट्टी चिकटवा. तोंड आणि बाटली सारख्याच व्यासाची असल्यामुळे पट्टीवरचा मिलिमीटर हाच पावसाचा मिलिमीटर. मापक मोकळ्या जागी ठेवा, छपराच्या पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तीच वेळ पाळा.

पावसाळा नसेल तर हा भाग हिशेबावर भागवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा आणि पाणी टँकरमध्ये मोजायला लावा, टँकर दहा हजार लिटरचा. मुंबईत वर्षाला सुमारे २,३०० मिमी पाऊस पडतो, म्हणजे तेवीस टँकर. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, म्हणजे पंचावन्न टँकर आणि वर थोडं. कैरोला वर्षभरात जेमतेम २५ मिमी, म्हणजे पाव टँकर. उन्हाळ्यात गावात टँकर येणाऱ्या मुलांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: बिननावाची कार्डं

नऊ कार्डं करा. प्रत्येकावर बारा महिन्यांचं सरासरी तापमान आणि बारा महिन्यांचा पाऊस, एवढंच. वर गावाचं नाव नाही, फक्त अ, आ, इ. आकडे जागतिक हवामान संघटनेच्या संकेतस्थळावर शहरवार मोफत मिळतात. माझी निवड अशी: सिंगापूर, मुंबई, ऑस्ट्रेलियातलं डार्विन, कैरो, रोम, केप टाउन, मंगोलियाची राजधानी उलानबाटर, सायबेरियातलं याकुत्स्क आणि अलास्काच्या उत्तर टोकावरचं उतकियाग्विक, म्हणजे जुन्या नकाशातलं बॅरो.

ही नावं सहज उचललेली नाहीत, त्यांच्या जोड्या आहेत. मुंबई आणि सिंगापूर, दोन्हीकडे वर्षाचा पाऊस दोन हजार मिमीच्या वर. मुंबई आणि डार्विन, दोन्हीकडे मोसमी पाऊस पण महिने उलटे. रोम आणि केप टाउन, दोन्हीकडे हिवाळी पाऊस, गोलार्ध वेगळे. याकुत्स्क आणि उतकियाग्विक, दोन्ही बर्फाळ, पण एकीकडे जंगल आणि दुसरीकडे एकही झाड नाही. तुम्ही गावं बदलू शकता, मात्र जोड्या मोडू नका. सगळं शिक्षण जोड्यांतल्या फरकात आहे.

पाकीट बंद करून प्रत्येक गटाला एक द्या. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी विचारेल, “सर, आमचं कार्ड चुकलंय, जानेवारीत जास्त गरम दाखवलंय.” हा केप टाउनचा किंवा डार्विनचा गट. उत्तर देऊ नका. पृथ्वीगोल त्यांच्या बाकावर नेऊन ठेवा आणि पुढे चला.

तिसरी पायरी: एकच मोजमाप, नऊ आलेख

ही पायरी कृतीचा कणा आहे. दोन पूर्ण तासिका द्या, घाई करू नका.

आलेख कागदावर तळापासून चार सेंटीमीटर सोडून शून्याची आडवी रेघ मारा. आडव्या रेघेवर बारा महिने. डावीकडे तापमान: एक सेंटीमीटर म्हणजे दहा अंश. उजवीकडे पाऊस: एक सेंटीमीटर म्हणजे वीस मिलिमीटर. पावसाचे निळे स्तंभ उभे करा, तापमानाची लाल रेषा जोडा. शून्याखालचं तापमान खालच्या मोकळ्या जागेत उतरतं. याकुत्स्कच्या जानेवारीला, म्हणजे उणे ३७ अंशांच्या आसपास, ती चार सेंटीमीटर जागा जवळजवळ पुरी पडते.

दहा अंशाला वीस मिलिमीटर हे प्रमाण मी मनानं काढलेलं नाही. हाइन्रिख वॉल्टर या जर्मन वनस्पती-परिस्थितिशास्त्रज्ञाच्या हवामान आलेखांमुळे ते जगभर रुळलं. त्याचा फायदा असा की ज्या महिन्यात निळा स्तंभ लाल रेषेच्या खाली राहतो, तो महिना झाडांच्या दृष्टीनं कोरडा. म्हणजे त्या महिन्यात पडणारं पाणी उन्हानं उडून जाणाऱ्या पाण्याला पुरत नाही. ढोबळ आडाखा आहे, पण शाळेला पुरेसा आहे.

सगळ्या गटांनी हेच मोजमाप वापरायचं, यावर अडून बसा. मुलं पुस्तकात शिकलेली असतात की प्रमाण आपल्या आकड्यांप्रमाणे घ्यावं. तसं घेतलं की कैरोचे पाच मिलिमीटर आणि मुंबईचे आठशे मिलिमीटर भिंतीवर सारख्याच उंचीचे दिसतात, आणि तुलनाच संपते. मुंबईच्या गटाची तक्रार येईल: जुलैचा स्तंभ चाळीस सेंटीमीटर होतो, कागदात मावत नाही. जोडू द्या कागद. भिंतीवर एक आलेख दोन कागद उंच चढलेला असावा आणि त्याच्या शेजारी कैरोचा, ज्यात निळं काही आहे का हे जवळ जाऊन पाहावं लागतं.

आलेख झाले की प्रत्येक गटानं चार प्रश्नांची उत्तरं खाली लिहायची. सर्वांत उष्ण महिना कोणता, त्यावरून गोलार्ध कोणता? कोरडे महिने किती? सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या वर आहे का? सर्वांत उष्ण महिना १० अंशांच्या वर आहे का? शेवटचे दोन आकडे व्लादिमिर कोपेनचे. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला हा माणूस मुळात वनस्पतींचा अभ्यासक. शिकत असताना तिथून क्रिमियापर्यंत प्रवास करताना बदलत जाणारी झाडं त्यानं पाहिली, आणि पुढे १९०० मध्ये जगाच्या हवामानाची जी वर्गवारी मांडली तिच्या सीमा झाडांवरून आखल्या. थंड महिना १८ च्या वर असेल तर उष्ण कटिबंधीय. उष्ण महिनाही १० च्या आत असेल तर झाड उभंच राहत नाही.

आता जोड्या शेजारी शेजारी लावा आणि गप्प बसा.

मुंबई आणि सिंगापूर. वर्षाची बेरीज जवळपास सारखी. पण सिंगापूरला एकही महिना शंभर मिलिमीटरच्या खाली जात नाही, आणि मुंबईला नोव्हेंबर ते मे सात महिने निळा स्तंभ लाल रेषेखाली. पाऊस सारखा असूनही सिंगापूरचं मूळ जंगल सदाहरित आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला साग उन्हाळ्यात पानं गाळून उभा, याचं उत्तर त्या सात महिन्यांत आहे. ‘जास्त पाऊस म्हणजे सदाहरित’ हे पाठ केलेलं वाक्य इथे मुलं स्वतःच खोडतात.

याकुत्स्क आणि उतकियाग्विक. हिवाळा याकुत्स्कचा जास्त कडक. जानेवारीत उतकियाग्विक त्याच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी उबदार असतं. तरी झाडं याकुत्स्कला. मुलं चक्रावतात. उत्तर जुलैत आहे: याकुत्स्कचा जुलै एकोणीस-वीस अंशांचा, उतकियाग्विकचा पाच. झाडाला थंडी सोसता येते, पण वाढायला उन्हाळा लागतोच. लार्च हा तिथला सूचिपर्णी वृक्ष तर हिवाळ्याआधी सुयाच गाळून टाकतो.

तिसरी गंमत उतकियाग्विकच्या एकट्या आलेखात आहे. तिथे वर्षभराचं पर्जन्य दीडशे मिलिमीटरच्याही आत, म्हणजे जैसलमेरपेक्षा कमी. तरी निळा स्तंभ लाल रेषेच्या खाली जात नाही, कारण रेषाच इतकी खाली आहे. वाळवंटाइतका पाऊस आणि तरी कोरडं नाही. हे कोडं सुटं ठेवा, पाचव्या पायरीत डब्यात सुटेल.

चौथी पायरी: मैदानावरचा आलेख

खडूनं किंवा फक्कीनं मैदानावर दोन अक्ष आखा. आडव्या अक्षावर वर्षाचा एकूण पाऊस, एक पाऊल म्हणजे २५० मिमी. उभ्या अक्षावर वर्षाचं सरासरी तापमान, एक पाऊल म्हणजे पाच अंश, उणे १५ पासून ३० पर्यंत. प्रत्येक गटातलं एक मूल कार्ड घेऊन आपल्या जागी जाऊन उभं राहतं. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यानं जगाच्या नैसर्गिक प्रदेशांसाठी अशीच आकृती वापरली होती. आपण ती मुलांना उभं करून काढतो.

महाबळेश्वरचा एक ज्यादा खेळाडू घ्या. तो बावीस पावलं चालत कुंपणाला टेकेल. मग वाईच्या नावानं दुसरं मूल पाठवा. महाबळेश्वर ते वाई रस्त्यानं साधारण बत्तीस किलोमीटर, पण वाईचं मूल अक्षाच्या सुरुवातीजवळच, तीन-साडेतीन पावलांवर थांबतं. पर्जन्यछाया यापेक्षा चांगली शिकवता येत असेल तर मला माहीत नाही.

मग विचारा: मैदानाचा कोणता कोपरा रिकामा आहे? थंड आणि भरपूर पावसाचा. तिथे कुणीच का नाही? थंड हवेत बाष्प मावत नाही. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहतं, शून्य अंशाला जेमतेम पाच ग्रॅम. ज्या हवेत पाणीच नाही ती पाडणार काय?

आणखी एक गोष्ट दाखवून द्या. मुंबई आणि सिंगापूरची मुलं इथे खांद्याला खांदा लावून उभी असतात. मागच्या तासिकेत ती वेगळी होती. वर्षाच्या बेरजेत काय हरवतं, हे त्या दोघांनीच वर्गाला सांगायचं.

पाचवी पायरी: तीन छोटे प्रयोग

बरणीतलं बंद जंगल सगळ्यांना येतं: खडे, कोळसा, माती, नेचा, शेवाळ, थोडं पाणी, झाकण घट्ट. हवं तर करा, बाष्प वर जाऊन थेंब खाली येताना दिसतात. मला पुढचे तीन जास्त उपयोगाचे वाटतात.

*गवत आणि कात्री.* एका ट्रेमध्ये गहू पेरा, दुसऱ्यात मोहरी. आठ-दहा दिवसांत गव्हाची पाती बोटभर होतात आणि मोहरी दोन दलांवर उभी राहते. दोन्ही जमिनीपासून दोन सेंटीमीटरवर कात्रीनं सपाट कापा. दोन-तीन दिवसांत गहू पुन्हा वर येतो, मोहरीचे नुसते खुंट राहून वाळतात. गव्हाचं पातं बुडातून वाढतं, वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. मोहरीचा कोंब शेंड्याला, तो कात्रीबरोबर गेला. गहू हे गवतच आहे, हे काही मुलांना इथेच कळतं. सेरेंगेटीत दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट चरतात आणि गवत तरी उरतं. मंगोलियाच्या स्टेपवर मेंढ्यांचे कळप चरून जातात आणि पुढच्या पावसात पुन्हा हिरवं होतं. वणवा लागला तरी तेच.

इथे जरा थांबून आपल्याकडे या. पुणे-सोलापूरकडच्या माळरानाला सरकारी कागदात पडीक म्हणायची सवय आहे आणि हौशी मंडळी तिथे झाडं लावायला येतात. माळढोकासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य याच माळावर आहे. काळवीट, लांडगा, खोकड हे सगळे मोकळ्या गवतावर जगणारे. दख्खनचं माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे, गवताचा स्वतंत्र प्रदेश आहे, असं आता बरेच परिसरशास्त्रज्ञ मांडतात. वर्गात यावर वाद घडवा. वृक्षारोपणाच्या बाजूनं बोलणारं मूलही आलेखच दाखवून बोललं पाहिजे, एवढी अट घाला.

*गोठलेली माती.* दोन डब्यांच्या तळाला सारखी भोकं पाडा. दोन्हींत सारखी माती भरा. एकातली माती पाण्यानं चिंब करून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. शाळेत सोय नसेल तर कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी तो डबा अर्धा तास उन्हात ठेवा म्हणजे वरचा बोटभर थर सुटेल. आता दोन्हींत एकेक पेला पाणी ओता. साध्या डब्यातून पाणी खाली ठिबकतं. गोठलेल्या डब्यात ते वरच साचून चिखल होतो, कारण खालचा बर्फ त्याला वाट देत नाही. उतकियाग्विकचं कोडं सुटलं: पाऊस कमी, पण ऊन दुबळं म्हणून पाणी उडत नाही आणि खाली गोठलेली जमीन म्हणून मुरत नाही. टुंड्रात उन्हाळ्यात जागोजाग डबकी आणि डासांचे ढग असतात ते यामुळे. याकुत्स्कला वर्षाला अडीचशे मिमीच्या आत पाऊस असून लार्चचं जंगल उभं आहे, त्यामागेही हेच. उन्हाळ्यात सुटणारा वरचा थर ओल धरून ठेवतो.

*दोन निवडुंग.* हा प्रयोग शिक्षकानं स्वतः करायचा, मुलांनी लांबून बघायचा. कुंपणाला लावतात तो तीन-चार धारांचा निवडुंग आणि चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग, दोन्हींचा एकेक तुकडा हातमोजे घालून आणा. धारांच्या निवडुंगाला चीर दिली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा चिकाचा हात कुठेही लावू नका आणि तुकडा लगेच पुरून टाका. फड्या निवडुंगातून चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. दिसायला एका घराण्यातले वाटतात, पण पहिला एरंडाचा नातलग आणि दुसरा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. हजारो किलोमीटर दूर, वेगळ्या कुळांत, पण कोरड्या महिन्यांवर दोघांनी एकच तोड काढली: पानं टाकून द्यायची, खोड हिरवं आणि जाड करायचं, पाणी आत साठवायचं.

सहावी पायरी: आता खोकं

आता प्रतिकृतीची परवानगी. नियम तीन.

पहिला: खोक्याचा खालचा तिसरा भाग जमिनीखालचा. पुढची बाजू कापून छेद दाखवा. सिंगापूरच्या खोक्यात उंच झाडांची मुळं उथळ, बुंध्याला आधाराचे रुंद पंख. उलानबाटरच्या खोक्यात वर वीतभरसुद्धा नसलेल्या गवताची मुळं काथ्यानं खोलवर उतरवलेली. याकुत्स्कच्या खोक्यात मुळं एका रेघेवर अडलेली, तिच्याखाली पांढरा लगदा. वरची हिरवळ कुणीही चिकटवतो. जमिनीखालचा भाग करायला पुस्तक उघडावं लागतं.

दुसरा: खोक्यातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि चिठ्ठीतल्या वाक्यात ‘म्हणून’ हा शब्द. ‘रोमला जुलैत पाऊस वीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ऑलिव्हचं पान लहान आणि चामड्यासारखं जाड.’ ‘डार्विनला मे ते सप्टेंबर कोरडे, म्हणून गवत वाळतं आणि वणवा लागतो.’ आलेखाकडे बोट न दाखवणारी चिठ्ठी परत करा. ‘वाळवंटात उंट असतो’ ही चिठ्ठी नव्हे.

तिसरा: प्राणी सर्वांत शेवटी, जास्तीत जास्त दोन, आणि तेही त्याच खंडातले. डार्विनच्या खोक्यात सिंह आला तर गटाला विचारा, तो पोहत आला का.

खर्चाला पन्नास रुपयांची मर्यादा घाला. बाभळीची काटेरी फांदी, केरसुणीच्या काड्यांचे लार्च, वाळलेला कुंदा, नदीची वाळू, सगळं फुकट मिळतं.

सातवी पायरी: माणूस कुठे बसतो

इथे पुस्तकी चित्रं जरा झाडून घ्या. इग्लू हे काही इन्युइट गटांचं शिकारीवरचं तात्पुरतं घर होतं; उतकियाग्विकमध्ये आज लोक साध्या घरांत राहतात, शाळा आहे, दुकानं आहेत. याकुत्स्कच्या खोक्यात मुलांना खांबांवर उभी केलेली इमारत करायला सांगा. इमारत थेट जमिनीवर टेकली तर तिच्या उबेनं खालचा बर्फ सुटतो आणि ती खचते, म्हणून मधून थंड हवा खेळती ठेवतात. उलानबाटरला लोकरीच्या नमद्याचा गोल ‘गेर’ करा, पण सोबत बहुमजली इमारतीही.

कैरोच्या गटाला मात्र सर्वांत अवघड प्रश्न द्या. पाव टँकर पावसात एवढं मोठं शहर जगतं कसं? मुलं नाईल म्हणतील. मग नाईलला पाणी कुठून येतं? इथिओपियाच्या डोंगरांवरच्या उन्हाळी पावसातून आणि विषुववृत्ताजवळच्या सरोवरांतून. म्हणजे कैरो दुसऱ्याच्या पावसावर जगतं. या गटाला खोक्याबाहेर निळी सुतळी न्यायची मुभा आहे, भिंतीवरच्या नकाशात इथिओपियापर्यंत.

आठवी पायरी: गुण आणि परीक्षा

दहापैकी चार गुण आलेखाला, चार चिठ्ठ्यांना, दोन खोक्याला. सजावटीला जास्त गुण ठेवले की घरी आई-बाबा कामाला लागतात आणि मूल झोपून जातं.

लेखी परीक्षेत दोन नवे आलेख द्या, नाव न सांगता: लंडन आणि इर्कुत्स्क. दोन्ही ५२ अक्षांशाच्या आसपास, म्हणजे सूर्य दोघांना सारखाच. लंडनचा जानेवारी पाच अंशांच्या वर, इर्कुत्स्कचा उणे १८ च्या घरात. प्रश्न एकच: यातलं समुद्राजवळचं कोणतं आणि कशावरून? जे मूल तापमानाच्या रेषेचा चढउतार मोजून उत्तर देतं त्याला पूर्ण गुण, मग शहराचं नाव आलं नाही तरी चालेल. तोंडी परीक्षेत दुसऱ्या गटाचं खोकं पुढे ठेवून त्यातली न पटणारी एक वस्तू शोधायला सांगा. मुलं या कामात निर्दय असतात.

वेळापत्रकाचं तेवढं सांभाळा. गहू आणि मोहरी सोमवारी पेरली तर पुढच्या आठवड्याच्या शेवटी कापायला तयार होते, म्हणून पेरणी दुसऱ्या पायरीच्या दिवशीच उरकून घ्या. डीप फ्रीजरचं आइस्क्रीमवाल्याशी आधीच बोलून ठेवा आणि मार्च उजाडण्यापूर्वी हे काम संपवा. त्यानंतर तो मातीच्या डब्याला जागा देत नाही.